वणीहून दिल्ली जवळ की कराची?

वणीहून दिल्ली जवळ की कराची? प्रश्न ऐकून कुणीही हसेल. दिल्ली आपली. नाशिकरोडला गाडीत बसलं की दुसऱ्या दिवशी दिल्ली येते. कराची म्हणजे परदेश. पासपोर्ट, व्हिसा, चौकशा आणि शेवटी बहुधा नकारच. पृथ्वीच्या पाठीवरचं अंतर मात्र यातल्या कशाचीच दखल घेत नाही. दिंडोरी तालुक्यातल्या वणीपासून हवेतून सरळ मोजलं, तर दिल्ली सुमारे ९८० किलोमीटर भरते आणि कराची ८६०. बंगळुरू ९१०, चेन्नई साधारण १,०५०. म्हणजे देशातल्या या तिन्ही महानगरांपेक्षा कराची वणीला जवळ आहे.

चकित व्हायचंच असेल तर अजून एक जोडी बघा. ओमानची राजधानी मस्कत वणीपासून सुमारे १,६५० किलोमीटरवर आहे आणि बांगलादेशाची राजधानी ढाका १,७५० वर. अख्खा अरबी समुद्र मध्ये पसरलेला असूनही मस्कत जवळ पडतं. आपण मनात देशाचा नकाशा धरून चालतो, त्यामुळे सीमेच्या आतलं सगळं जवळचं आणि बाहेरचं सगळं लांबचं वाटत राहतं.

हे आकडे डोळे झाकून मान्य करायची गरज नाही. दहावीचं गणित आणि एक कागद एवढ्यावर ते पडताळता येतात.

घरबसल्या अंतर काढायचं कसं

प्रत्येक ठिकाणाला अक्षांश आणि रेखांश असतात. वणी २०.३ अंश उत्तर आणि ७३.९ अंश पूर्व. कराचीचं विमानतळ २४.९ उत्तर आणि ६७.२ पूर्व. अक्षांशांतला फरक ४.६ अंश, रेखांशांतला ६.७.

अक्षांशाचा एक अंश पृथ्वीवर कुठेही जवळपास १११ किलोमीटरचाच असतो. तेव्हा ४.६ गुणिले १११, म्हणजे वणीहून कराची सुमारे ५१० किलोमीटर उत्तरेला. रेखांशाचं तसं नाही. सोललेल्या मोसंबीच्या फोडी मध्यभागी रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळत्या असतात. रेखांशही तसेच विषुववृत्तावर ऐसपैस आणि ध्रुवांवर एका बिंदूत मिळालेले. विषुववृत्तावर रेखांशाचा अंशही १११ किलोमीटरचा. आपल्या वाटेवर, म्हणजे साडेबावीस अंशांच्या आसपास, तो १०३ च्या घरात उतरतो. ६.७ गुणिले १०३ केलं की पश्चिमेकडचं अंतर आलं ६९० किलोमीटर.

आता काटकोन त्रिकोण तयार आहे. एक बाजू ५१०, दुसरी ६९०. दोघांचे वर्ग करून बेरीज घ्या, वर्गमूळ काढा. उत्तर ८६० च्या आसपास येतं. पायथागोरसनं आपल्याला वणीहून कराचीला नेऊन सोडलं!

गोल पृथ्वीवर हा सपाट कागदाचा हिशेब चालतो कारण अंतर लहान आहे. हजारेक किलोमीटरच्या आत चूक नगण्य राहते. त्यापुढे मात्र पृथ्वीचा गोलपणा डोकं वर काढतो. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारी सर्वांत जवळची वाट पश्चिमेकडे जात नाही. ती मध्य आशिया आणि रशियावरून थेट ६५ अंश उत्तर अक्षांशाजवळ चढते आणि मग खाली उतरते. गोलावर दोरा ताणून बघितला की ते लगेच पटतं.

वणी-कराची ही रेघ वायव्येला निघते. डांगच्या जंगलांवरून ती सुरतेजवळ येते, खंबातचं आखात ओलांडते, राजकोटला जवळजवळ चाटून जाते, कच्छच्या आखातावरून भूजच्या शेजारून निघते आणि कच्छच्या पश्चिम टोकाला सीमा पार करून सिंधच्या सपाटीवर उतरते. पट्टीनं आखलेल्या या एका रेघेवर सुरत, राजकोट आणि भूज ओळीनं यावीत, हा निव्वळ योगायोग.

सरळ रेघ आणि वाट यांच्यात किती फरक पडतो, हे वणीकरांना कुणी शिकवायला नको. वणी ते सप्तशृंगगड सरळ रेषेत जेमतेम साडेसात किलोमीटर. पण रस्त्यानं नांदुरीला वळसा घालायचा आणि तिथून घाट चढायचा, म्हणजे अंतर तिपटीच्या घरात जातं. गडावर पोचल्यावरही देवीपर्यंत शेकडो पायऱ्या उरतातच. २०१८ मध्ये सुरू झालेल्या फ्युनिक्युलर ट्रॉलीनं तो शेवटचा टप्पा काही मिनिटांवर आणला. तिथे डोंगर तेवढाच राहिला, वाट बदलली आणि वेळ बदलला.

अंतर भागिले वेग, पण उत्तर चुकतं

जेट विमान ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास उडतं. मग ८६० किलोमीटरला तासापेक्षा थोडं जास्त लागायला हवं. तसं का होत नाही, हे समजून घ्यायला वणीपासून हवेतून जेमतेम तेवीस किलोमीटरवर असलेल्या ओझरच्या विमानतळावर जाऊ. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना इथे १९६४ मध्ये मिग विमानांसाठी उभा राहिला. पुढे सुखोई-३० इथेच जुळवली जाऊ लागली. तीन किलोमीटर लांबीची धावपट्टी आहे. ओझर ते कराची सरळ अंतर सुमारे ८७५ किलोमीटर, आणि गंमत म्हणजे मुंबई ते कराचीही तितकंच. ओझरहून कराचीला प्रवासी विमान निघालं आहे, असं क्षणभर समजू.

चाकांना लावलेल्या पाचरी काढल्या की घड्याळ सुरू होतं. विमान कंपन्या तिथपासून पलीकडे पुन्हा पाचरी लागेपर्यंतचा वेळ धरतात. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत रांगत जायचं, परवानगीची वाट बघायची, यात दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. मग उड्डाण. विमान ३५,००० फुटांवर, म्हणजे साडेदहा हजार मीटरहून अधिक उंचीवर जाणार. सप्तशृंगगड समुद्रसपाटीपासून सुमारे १,२३० मीटर आहे, त्याच्या साडेआठपट. ही चढण वीसेक मिनिटांची. ती संपेपर्यंत विमान सुरतेच्या आसपास आलेलं असतं आणि चढताना त्याचा वेग पूर्ण नसतोच.

उतरण्याचा हिशेब याहून रंजक. वैमानिकांचा जुना ठोकताळा असा, की दर हजार फूट उतरायला तीन सागरी मैल हातात ठेवायचे. ३५,००० फुटांसाठी १०५ सागरी मैल झाले, म्हणजे जवळपास १९५ किलोमीटर. कराचीपासून तेवढं मागे मोजलं, तर आपण कच्छमधल्या लखपतच्या आसपास येतो. म्हणजे विमान अजून भारतावर असतानाच कराचीसाठी खाली यायला लागणार! सुरतेला चढण संपली, लखपतला उतरण सुरू झाली; पूर्ण वेगानं सपाट उडायला मिळाला तो मधला पाचशे किलोमीटरचा पट्टा, सगळा मिळून छत्तीस-सदतीस मिनिटांचा.

चढणं, उडणं, उतरणं आणि जमिनीवरचं रांगणं धरून बेरीज एक तास चाळीस मिनिटांच्या आसपास जाते. विमानाचा वेग दुप्पट केला तरी या प्रवासातली जेमतेम अठरा मिनिटं वाचतील. जवळच्या शहरांमध्ये उडणारी विमानं कितीही आधुनिक झाली तरी वेळापत्रक फारसं का आक्रसत नाही, याचं उत्तर इथे आहे.

वाराही आपला वाटा घेतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर अकरा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान हवेचा पट्टा वाहतो. वायव्येला जाणाऱ्या विमानाला तो तोंडावर घ्यावा लागतो. समोरून ताशी शंभर किलोमीटरचा वारा लागला, तर मधल्या पाचशे किलोमीटरला एकेचाळीस मिनिटं लागतात. परतताना तोच पाठीशी आला तर बत्तीस. पावसाळ्यात चित्र पालटतं. तेव्हा द्वीपकल्पावर खूप उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा झोत तयार होतो. या पूर्वेकडच्या झोतवाऱ्याचं वर्णन पी. कोटेश्वरम् या भारतीय हवामानशास्त्रज्ञानं १९५८ मध्ये जगापुढे मांडलं. आपल्या शेतात पाऊस पाडणारा मोसमी कारभार दहा किलोमीटर वर विमानांची वेळही ठरवत असतो.

आणि मग घड्याळ. पाकिस्तानचं घड्याळ आपल्या अर्धा तास मागे. ओझरहून सकाळी दहाला निघालेलं विमान एक तास चाळीस मिनिटं उडून कराचीत स्थानिक वेळेनुसार ११ वाजून १० मिनिटांनी पोचेल. तेच विमान कराचीहून दहाला परत निघालं तर ओझरला १२ वाजून १० मिनिटं होतील. प्रवास तोच, तिकिटावरचा फरक एका तासाचा. हा अर्धा तास अगदीच मनमानी नाही. सूर्याला एक रेखांश ओलांडायला चार मिनिटं लागतात. वणी आणि कराची शहर यांच्यात ६.९ अंश आहेत, म्हणजे कराचीत सूर्य वणीपेक्षा सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. सरकारी घड्याळ आणि सूर्य यांचं इतकं जमणं दुर्मीळच. मुंबईनं तर १९५५ पर्यंत भारतीय प्रमाणवेळेहून ३९ मिनिटं मागे असलेली स्वतःची मुंबई वेळ सांभाळली होती.

सात तास पंधरा मिनिटं

कराची-मुंबई वाटेवर पहिलं टपाल उडालं तेव्हा ती परदेशवारी नव्हतीच. सिंध १८४७ पासून १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता. कराचीतला जिल्हाधिकारी आणि नाशिकचा जिल्हाधिकारी एकाच गव्हर्नराच्या हाताखाली. मराठी माणसंही तिकडे नोकरीला जात. कराचीत १८५५ मध्ये सुरू झालेली आणि आजही उभी असलेली एन. जे. व्ही. शाळा नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावानं ओळखली जाते.

लंडनहून इम्पिरियल एअरवेजचं टपाल कराचीपर्यंत विमानानं यायचं. तिथून पुढे ते दक्षिणेकडे नेण्याचं काम टाटांनी घेतलं. १५ ऑक्टोबर १९३२ च्या सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून जे. आर. डी. टाटा एका इंजिनाचं पुस मॉथ विमान घेऊन निघाले. सोबत पंचवीसेक किलो टपाल. रेडिओ नाही, दिशा दाखवणारी यंत्रणा नाही. नकाशा, होकायंत्र आणि खाली दिसणारी जमीन. अहमदाबादला उतरून त्यांनी पेट्रोल भरलं. बर्मा शेलचे ते डबे धावपट्टीपर्यंत बैलगाडीतून आले होते. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी विमान जुहूला टेकलं. पुढे नेव्हिल विन्सेंट यांनी टपाल बेळ्ळारीमार्गे मद्रासला नेलं. पावसाळ्यात जुहूला पाणी साचायचं, म्हणून तेवढे महिने हा सगळा पसारा पुण्याला हलवावा लागे.

हिशेब करून बघा. कराची ते अहमदाबाद सुमारे ५९० किलोमीटर, अहमदाबाद ते जुहू ४४०. एकूण १,०३० किलोमीटर, सात तास पंधरा मिनिटांत, बैलगाडीची वाट बघण्यासकट. सरासरी ताशी १४२ किलोमीटर. या सात तास पंधरा मिनिटांची गाठ पुढे आजच्या वेळेशी घालायची आहे.

आकाशाला भिंती

७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागोत आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा करार झाला. त्याचं पहिलंच कलम सांगतं की प्रत्येक देशाची आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण आणि एकट्याची सत्ता आहे. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रावरही ती लागू होते. त्यामुळे दुसऱ्याच्या आकाशातून जायचं तर हक्क मागून घ्यावा लागतो. या हक्कांची उतरंड आहे. नुसतं वरून जाऊ देणं हा पहिला. इंधनासाठी उतरू देणं दुसरा. आपल्या देशातून प्रवासी त्या देशात नेणं तिसरा, तिथून परत आणणं चौथा. आपल्या देशाशी जोडलेल्या उड्डाणात दोन परक्या देशांमध्ये प्रवासी वाहणं हा पाचवा, आणि तो सहसा कुणी उदारपणे देत नाही. म्हणून तिसऱ्या देशाच्या कंपनीनं मनात आणलं तरी तिला उद्या मुंबई-कराची थेट विमान सोडता येणार नाही.

भारत-पाकिस्तानच्या आकाशाचा इतिहास उघड-मिटीचा आहे. ३० जानेवारी १९७१ रोजी ‘गंगा’ नावाचं फोकर विमान लाहोरला पळवून नेलं गेलं, नंतर जाळलं गेलं. भारतानं पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जायला बंदी केली. त्या वेळी पाकिस्तानचे दोन भाग भारताच्या दोन बाजूंना होते. कराचीहून ढाक्याला जाणाऱ्या विमानांना श्रीलंकेचा वळसा पडला. हा तंटा आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला. १९७६ मध्ये वाट पुन्हा उघडली. २००२ मध्ये बंद, २००४ च्या पहिल्या दिवशी सुरू. २०१९ मध्ये काही महिने पुन्हा बंद. एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपापलं आकाश परत एकदा मिटलं. मुंबई-कराची थेट विमान तर त्याच्याही आधीपासून नाही. राजस्थानातल्या मुनाबावहून सिंधमध्ये जाणारी रेल्वे १९६५ च्या युद्धात तुटली, २००६ मध्ये थार एक्स्प्रेसच्या रूपानं परतली आणि २०१९ मध्ये थांबली.

अशा वेळी ज्याच्याकडे कराचीचा व्हिसा आहे, त्यानं जायचं कसं? नेहमीची वाट दुबईची. मुंबई ते दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई ते कराची १,१९०. बेरीज ३,१२०. ८७५ किलोमीटरच्या प्रवासासाठी माणूस साडेतीनपट अंतर तोडतो, आणि तेही कराचीच्या दक्षिणेकडून पुढे निघून जाऊन, मग मागे वळून. दोन्ही उड्डाणांचे मिळून पाच तासांहून अधिक, मध्ये दुबईत दुसऱ्या विमानाची वाट बघणं. सात-आठ तासांच्या आत हे सगळं बसवायचं तर वेळापत्रक फारच मेहेरबान हवं.

१९३२ मधलं ते लाकूड-लोखंड-कापडाचं विमान, बैलगाडीतून आलेलं पेट्रोल, ताशी १४२ किलोमीटर: सात तास पंधरा मिनिटं. आजची जेट विमानं, उपग्रहांची दिशादर्शक यंत्रणा, ताशी ८३० किलोमीटर: बहुधा त्याहून जास्त. नव्वदहून अधिक वर्षांत विमानाचा वेग जवळजवळ सहापट झाला, आणि तरीही कराची-मुंबई प्रवास वेगवान झाला नाही.

जे. आर. डी. टाटांनी हा पहिला प्रवास नंतर दोनदा पुन्हा केला. १९६२ मध्ये आणि १५ ऑक्टोबर १९८२ रोजी. दुसऱ्या वेळी ते ७८ वर्षांचे होते. विमान पुस मॉथच्याच घराण्यातलं जुनं लेपर्ड मॉथ, इंजिन एकच, वाट तीच. बांगलादेश युद्धाला तेव्हा अकराच वर्षं झाली होती. या उड्डाणाला लागल्या तीन गोष्टी: पेट्रोल, बरं हवामान आणि दोन सरकारांचा होकार. पहिल्या दोन १९३२ मध्येही लागल्या होत्या. तिसरी मागाहून आली, आणि वणीहून कराचीला निघालेल्या माणसाच्या वेळेत आज सर्वांत मोठा वाटा तिचाच आहे.